मधली जागा

वेस्ली ब्राउनर गेला तेव्हा फुटबॉलचा हंगाम अगदी तोंडावर आला होता. वडिलांच्या शेतावरच्या पत्र्याच्या कोठीत गेल्या वर्षीचा मका बसून घट्ट झाला होता, खालच्या तोंडातून उतरत नव्हता. तो फोडायला वेस्ली वरून आत उतरला. खाली मका बाहेर खेचणाऱ्या यंत्रापाशी त्याचा बाप होता, ओटो. मका एकाएकी सुटला आणि पाण्यासारखा खाली धावला. ओटोनं यंत्र बंद केलं, पण तोवर वर कुणी दिसत नव्हतं. गावातली अग्निशमनची माणसं म्हणजे सगळे शेजारीपाजारीच. ते धावत आले, करवतीनं कोठीचा पत्रा चारी बाजूंनी कापला. मका भळाभळा अंगणभर सांडला, आणि शेवटी वेस्ली सापडला. एकवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढ्या खांद्यांचा पोरगा.

नॉर्थ डकोटातल्या त्या सपाट मुलखात हॉलबर्ग हे लहानसं गाव. गावाला एक कॉलेज, आणि कॉलेजला अमेरिकन फुटबॉलचा एक संघ. शरद ऋतूतल्या शनिवारी गावात दुसरं काही नसतंच. वेस्ली त्या संघाचा सेंटर होता. आघाडीच्या फळीत अगदी मधोमध ओणवा होऊन, दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या असलेल्या, डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा आणि लगेच समोरून अंगावर येणाऱ्या गड्याला छातीनं अडवायचं, हे त्याचं काम. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू व्हायचा. तरी वर्तमानपत्रात सेंटरचं नाव कधी येत नाही.

त्याच जागेसाठी दोन वर्षं बाकावर बसून होता लायल सँडविक. नदीपलीकडच्या मिनेसोटातला, बीट पिकवणाऱ्या गावचा, धिप्पाड आणि कमी बोलणारा. वेस्ली कधी आजारी पडायचा नाही, त्याला कधी दुखापत व्हायची नाही. लायलनं त्याबद्दल तक्रार केली नव्हती. वेस्लीच त्याला म्हणायचा, "लेका, तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझं फक्त बूड मोठं आहे."

चर्चमधून शवपेटी उचलून नेणाऱ्यांत लायल होता. निळी जर्सी, तिच्यावर काळा कोट, आणि कोटाच्या आत घामाच्या धारा. दफन झाल्यावर कोच डीट्झ त्याच्याजवळ आले. पंचवीसेक वर्षं ह्या एकाच कॉलेजात काढलेला, आवाज बसलेला माणूस.

"सोमवारपासून मध्ये तू."

"हो, कोच."

"काही बोलायचंय?"

"नाही, कोच."

खरं तर बोलण्यासारखं बरंच होतं, पण ते कुठल्या तोंडानं बोलायचं हे लायलला कळत नव्हतं.

ती जागा मोकळी सोडायची कल्पना ग्रेडीची. ग्रेडी टॉल्बर्ट संघाचा कप्तान आणि क्वार्टरबॅक. तीन वर्षं तो आणि वेस्ली एका खोलीत राहिले होते. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तो कपडे बदलायच्या खोलीत बाकावर उभा राहिला. "हे वर्ष वेस्लीचं. दर सामन्यात आपल्या पहिल्या डावाला आपण अकराऐवजी दहाच जण उतरायचं. मधली जागा रिकामी. डाव सुरू करायचं घड्याळ संपू द्यायचं. पंच पाच यार्डांची शिक्षा देतील, देऊ देत. हरकत असेल त्यानं आत्ता बोलावं."

कुणाचीच हरकत नव्हती. होकाराचे हात वर झाले, त्यांत लायलचाही होता.

मग तसंच घडत गेलं. पहिल्या शनिवारी ग्रेडीनं वेस्लीचं हेल्मेट नेऊन बाकाच्या टोकाला ठेवलं. पहिल्या डावाला फळी उभी राहिली, आणि तिच्या मधोमध एका माणसाच्या रुंदीचं भगदाड. प्रेक्षकांत एक एक करत सगळे उठले, टोप्या उतरल्या. वाऱ्यानं झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज. पंचांनी शिक्षेचं पिवळं फडकं टाकलं. मग कडेला उभा असलेला लायल धावत आत गेला. टाळ्या कडाडल्या. त्या आपल्यासाठी नाहीत हे त्याला कळत होतं. तो त्या जागी ओणवा झाला आणि टाळ्या थांबल्या.

तो सामना ते जिंकले. पुढचाही, त्याच्या पुढचाही. ज्या संघाला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं, तो गटात सगळ्यांच्या पुढे गेला. फार्गोहून टीव्हीवाले आले, त्यांनी रिकाम्या जागेचं चित्रण केलं. गावातल्या दुकानांच्या काचांवर वेस्लीच्या जर्सीवरचा ५४ आकडा लागला. पोरं सामन्याआधी त्याचं नाव घेऊन अशी काही ओरडत की भिंती हादरत, आणि बाहेर जाऊन त्याच जोरात समोरच्यांना आडवं करत. लायलही आडवं करत होता. फक्त तो आत शिरल्यावरचा पहिला चेंडू दर वेळी त्याच्या हातून कसातरीच सुटायचा. ग्रेडी कसाबसा झेलायचा आणि दातांतल्या दातांत म्हणायचा, "नीट दे ना, यार."

वेस्लीची आई आयरीन पहिल्या सामन्याला आली, पुन्हा आली नाही. ओटो मात्र प्रत्येक सामन्याला यायचा, परगावच्याही. सगळ्यात वरच्या रांगेत एकटाच, टोपी हातात. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून जायचे. तो मान हलवायचा.

ऑक्टोबरात एक शनिवार मोकळा होता. त्या दिवशी अख्खा संघ ब्राउनरांच्या शेतावर गेला. मका कापायला शेजारी आपापली यंत्रं घेऊन आलेच होते. पोरांना काम मिळालं ते त्या कोठीचं. कापलेल्या पत्र्यांसकट ती दोन महिने अंगणात तशीच उभी होती. ओटोला ती पाडवत नव्हती, आणि पाडू का असं विचारायचा धीर कुणाला होत नव्हता. शेवटी कोच डीट्झच म्हणाले, "ओटो, पोरांना पाने दे." ओटोनं पान्यांची पेटी आणून जमिनीवर ठेवली आणि तो ट्रॅक्टरकडे निघून गेला. पोरांनी एक एक नट सोडवून पत्रे उतरवले.

दुपारी आयरीननं अंगणात टेबलं मांडली. हॅमचे सँडविच, बटाट्याची भाजलेली डिश, सफरचंदाचा केक. लायल रिकामं कॉफीचं भांडं उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेला, तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. लहानखुरी, सरळ पाठीची बाई.

"ठेव तिथं. तू लायल ना? त्याच्या जागी खेळतोस तो."

"हो, मिसेस ब्राउनर."

"बस जरा."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. तिनं नळ बंद केला, हात पुसले, पण वळली नाही.

"वेस्ली तुझ्याबद्दल बोलायचा. म्हणायचा, त्या पोराला मी फार दिवस बसवून ठेवलंय."

लायलनं अजून हातातच असलेलं भांडं टेबलावर ठेवलं.

"तुम्ही ती जागा रिकामी सोडता," ती म्हणाली. "मी एकदाच पाहिली. लोक उभे राहिले, टोप्या काढल्या. सगळ्यांचं मन चांगलं आहे, मला कळतं. पण मला ती जागा दिसली नाही रे. मला मक्यातला खड्डा दिसला. मी गेले नाही पुन्हा. ओटो जातो. न जाऊन कसं चालेल, म्हणतो, पोरं एवढं करताहेत. परत येताना वाटेत गाडी थांबवून ओकतो. त्याला वाटतं मला ठाऊक नाही. मी गाडी धुते ना, मला ठाऊक नसेल?"

बाहेर कुणीतरी हसलं, पत्रा दाणकन जमिनीवर पडला.

"मी कोचना सांगतो," लायल म्हणाला.

"नको. ओटोच्या कानावर गेलं तर तो मरेल शरमेनं. आपल्यामुळं पोरांचा उत्साह गेला म्हणेल. कुणाला म्हणून सांगायचं नाही." आता ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "तू तिथं उभा राहा. पहिल्यापासून. एवढंच. जमेल?"

"जमेल," लायल म्हणाला. म्हणताना त्याला कल्पना नव्हती की हे किती जड जाणार आहे.

गुरुवारी सराव संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तो उभा राहिला. वर्षभरात तो पहिल्यांदाच आपणहून बोलत होता, म्हणून सगळे गप्प झाले.

"शनिवारी मला पहिल्या डावापासून उतरायचंय. जागा रिकामी नको."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग ग्रेडी हळूच म्हणाला, "काय म्हणालास?"

"बास झालं म्हणालो. आता बास."

"कुणी ठरवलं बास झालं? तू?" ग्रेडी उठून त्याच्यासमोर आला. "एक डाव, लायल. अख्ख्या सामन्यातला एक डाव आम्ही त्याला देतो. तोही तुला बघवत नाही? दोन वर्षं टपून बसला होतास ना त्या जागेवर? मिळाली की! आता टाळ्याही पाहिजेत?"

"टाळ्या नकोत मला."

"मग काय पाहिजे? कारण सांग. एक कारण सांग, मी गप्प बसतो."

लायलकडे कारण होतं. ते त्यानं गिळलं. "मला तिथं उभं राहायचंय," एवढंच तो म्हणाला, आणि ते किती ओंगळ ऐकू आलं हे त्याचं त्यालाच जाणवलं.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "त्याची माती सुकली नाही अजून, आणि हा बघा."

दाराशी कोच डीट्झ उभे होते. त्यांनी लायलकडे बराच वेळ पाहिलं. "हे संघानं ठरवलंय. मोडायचं तर संघानंच. हात वर करा."

लायलचा एकट्याचाच हात वर होता.

शनिवारी सेंट ऑलरिकचा संघ आला होता. उतरायची वेळ झाली. दहा जण आत गेले, फळी उभी राहिली, लोक उठले, टोप्या उतरल्या. लायल कडेला कोच डीट्झच्या शेजारीच होता. त्यानं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि चालू लागला. कोचनी हात लांब केला असता तर त्याची जर्सी सहज धरता आली असती. त्यांनी हात खिशातून काढला नाही.

तो मधल्या जागेपाशी पोचला आणि चेंडूवर हात ठेवून ओणवा झाला. आधी नुसती कुजबुज उठली. मग वरून कुणीतरी ओरडलं, "ए सँडविक, बाहेर हो!" मग आणखी आवाज. समोर सेंट ऑलरिकचा डोंगराएवढा गडी हेल्मेट काढून मान खाली घालून उभा होता, त्याला आधीच तसं सांगून ठेवलेलं होतं. तो गोंधळून म्हणाला, "म्हणजे? खेळायचंय का तुम्हाला?"

"घाल हेल्मेट," लायल म्हणाला.

मागून ग्रेडीचा आवाज आला, दबका, थरथरता. "बाहेर जा, लायल."

"नाही."

"शेवटचं सांगतो..."

"घड्याळ चाललंय, ग्रेडी. हात ठेव."

सेंटर आणि क्वार्टरबॅक यांचं नातं असं विचित्र की भांडण कितीही असो, डाव सुरू करायचा तर एकाला दुसऱ्याच्या अंगाला खेटूनच उभं राहावं लागतं. ग्रेडीनं हात ठेवले. लायलनं चेंडू दिला, स्वच्छ, तळहातात बसेल असा, आणि समोरच्या डोंगरावर तुटून पडला.

ते हरले. त्या हंगामातली पहिली हार, आणि तीही घरच्या मैदानावर. संघाचा जोर जणू पहिल्या डावातच ओसरला होता. सामना संपल्यावर लायलनं वर पाहिलं, तर शेवटची रांग रिकामी होती. ओटो कधी गेला ते त्याला कळलं नाही. आपण त्याचं भलं केलं की घाव घातला, हेही कळलं नाही.

रविवारी लायल नेहमीच्या कॅफेत गेला. वाढणाऱ्या बाईनं त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि कसा आहेस, काय खाशील, काही न विचारता निघून गेली. सोमवारी जेवणघरात त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. खोलीच्या दारावर कुणीतरी ५४ चा कागद चिकटवून ठेवला होता. तो त्यानं फाडला नाही. सरावात ग्रेडी फक्त डावांचे इशारे बोलायचा. लायलला एकदा वाटलं, जाऊन सांगून टाकावं. मग त्याला आयरीनची सरळ पाठ आठवली.

मंगळवारी सराव चालू असताना कुंपणापलीकडे एक जुना पिकअप येऊन थांबला. ओटो उतरला आणि तारेला हात लावून उभा राहिला. सराव संपला, पोरं आत गेली, आणि मागोमाग कोच डीट्झ त्याला घेऊन आले. कुणी अर्धवट उघडं होतं, ते टॉवेल शोधू लागलं.

"असू दे, असू दे. बैल काय कमी बघितलेत मी," ओटो म्हणाला. कुणाला हसू आलं नाही. त्यानं टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

"मला बोलता येत नाही. घरी आयरीन बोलते." तो थांबला. "मी दर शनिवारी येतो. शिट्टी वाजली की ती जागा दिसते, आणि मला मी यंत्रापाशी उभा दिसतो. त्यापुढं सामना कुठं जातो, मला कळत नाही. आयरीन विचारते, जिंकले का? मला सांगता येत नाही. रेडिओ लावतो आणि मग सांगतो."

ग्रेडी भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"तुम्ही ते प्रेमानं केलंत. म्हणून तर मला नको म्हणता आलं नाही. नको म्हणणारा बाप कसला, असं वाटायचं." ओटोनं खोलीभर नजर फिरवली आणि ती लायलपाशी थांबली. "शनिवारी तिथं हा पोरगा उभा होता. मी पहिल्यांदा सामना पाहिला. अख्खा." त्यानं घसा खाकरला. "फार वाईट खेळलात."

कुणीतरी फसकन हसलं आणि तोंडावर हात दाबला. मग दुसरं. ओटोच्या गालावरही काहीतरी हललं.

"शेवटी शेवटी तर बघवत नव्हतं. ते हेल्मेट... ते मला घरी न्यायचंय. चालेल ना?"

ग्रेडी गेला, वेस्लीच्या कपाटातून हेल्मेट काढलं, बाहीनं पुसलं आणि दोन्ही हातांनी ओटोपुढं धरलं. ओटोनं ते फिरवून पाहिलं. कपाळावरच्या खोल ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "हा कसला?"

"माझ्या हेल्मेटचा, सर. सरावात... आम्ही दोघं उगाच डोकी आपटायचो." ग्रेडीला पुढं बोलवेना. तो खाली बसला तो मोठ्यानं रडतच, हंगामभर त्यानं जे ओरडून ओरडून दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर पडलं. ओटो त्याच्याशेजारी बाकावर बसला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन तो शांत होईपर्यंत बसून राहिला.

नंतर वाहनतळावर ग्रेडीनं लायलला गाठलं.

"तुला माहीत होतं."

लायलनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मी तुला काय काय बोललो. एक ठोसा मारायचा असेल तर मार."

"उद्या सराव आहे," लायल म्हणाला. "तुझे हात शाबूत पाहिजेत. माझेही."

पुढचे दोन सामने ते अकरा जणांनी खेळले, पहिल्या डावापासून. एक ओढूनताणून जिंकले, दुसरा आरामात. भिंती हादरवणारं ओरडणं थांबलं. पोरं मैदानात जाताना आता एकमेकांशी बोलायची.

शेवटचा सामना ब्रिजवेलशी, घरच्या मैदानावर. जिंकले तर गटाचं अजिंक्यपद. सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला होता आणि त्यातून बर्फाचे बारीक कण गालांवर सुयांसारखे टोचत होते. वरच्या रांगेत ओटो होता आणि त्याच्याशेजारी, एकाच घोंगडीत, आयरीन. लायलला ती दिसली, आणि मग त्यानं मुद्दाम तिकडं पाहिलं नाही.

शेवटची दोन मिनिटं. हॉलबर्ग तीन गुणांनी मागे, पण चेंडू त्यांच्याकडे आणि गोलरेषा हाकेच्या अंतरावर. ग्रेडीनं डाव सांगितला. लायल ओणवा झाला. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. त्यानं चेंडू मागे दिला, आणि तो देतानाच त्याला कळलं की तो नीट गेला नाही. ग्रेडीच्या बोटांना लागून चेंडू गोठलेल्या जमिनीवर पडला, उसळला, त्यावर सगळे तुटून पडले. ढीग उकलला तेव्हा चेंडू ब्रिजवेलच्या गड्याच्या पोटाखाली होता.

सामना तिथंच संपला. अजिंक्यपद गेलं.

लोक घोंगड्या गोळा करून उतरू लागले. मधल्या रांगेत एकजण मोठ्यानं म्हणाला, "वेस्ली असता तर असं झालं नसतं."

ओटो पायऱ्या उतरत होता. तो थांबला. "वेस्लीच्या हातूनही सुटायचे," तो म्हणाला, "थंडीत तर हमखास." आणि आयरीनचा कोपर धरून खाली उतरला.

कपडे बदलायच्या खोलीत कोच डीट्झनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, भाषण केलं नाही. एक एक करून पोरं अंघोळ उरकून निघाली. ग्रेडी मात्र अजून पूर्ण पोशाखात होता, खांद्याची जाड कवचं तशीच, बुटांना माती. त्याचं हे शेवटचं वर्ष. हे उतरवलं की पुन्हा आयुष्यात कधी चढणार नव्हतं.

लायल ओलं डोकं पुसत येऊन त्याच्याशेजारी बसला.

"चेंडू ओला होता," ग्रेडी म्हणाला.

"ओला नव्हता. माझ्या हातून सुटला."

"हो," ग्रेडी म्हणाला. "तुझ्या हातून सुटला."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. ऑगस्टपासून जे त्याच्या वाट्याला आलं, ते सगळं आधी कुणाचं तरी होतं. ही हार तेवढी पूर्ण त्याची होती. त्यानं टॉवेल तोंडावर दाबला आणि तसाच बसून राहिला. ग्रेडीचा जड खांदा त्याच्या खांद्याला लागलेला राहिला.

थोड्या वेळानं लायल म्हणाला, "भूक लागलीय तुला?"

"भयंकर."

"मग उतरव ते."

ग्रेडीनं छातीवरच्या नाड्यांची गाठ सोडायचा प्रयत्न केला. बोटं वळत नव्हती. "काढ रे," तो म्हणाला. लायलनं वाकून गाठ सोडवली, कवच डोक्यावरून वर ओढलं, आणि ते बाकावर ठेवून दोघं बाहेर पडले.